गिलावा की बोर्ड? घराच्या आतल्या भिंतींविषयी

(शाखेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर, निवृत्तीला आलेल्या सभासदांसाठी झालेल्या घरबांधणी वर्गातील भाषण. वक्ते रेल्वेच्या इंजिनियरिंग विभागातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले आहेत. – संपादक)



सकाळपासून महागाई भत्ता, बदल्या आणि रिक्त जागा यांवर गरमागरम चर्चा झाली, आणि आता जेवणानंतर मला भिंतीवर बोलायला उभे केले आहे. डुलक्या लागण्याचा धोका मी ओळखून आहे. पण विषय वाटतो तितका कोरडा नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी नोकरीची तीस-पस्तीस वर्षे सरकारी क्वार्टरमध्ये नाहीतर भाड्याच्या खोलीत काढली. कुणी भुसावळला, कुणी इटारसीला, कुणी सिकंदराबादला. स्वतःची म्हणावी अशी भिंत आपल्या वाट्याला येते ती पन्नाशीनंतर, आणि ती उभी राहते भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी किंवा घरबांधणी अग्रिमाच्या पैशांतून. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार नव्या घरासाठी ३४ महिन्यांचे मूळ वेतन किंवा २५ लाख रुपये यांत जी रक्कम कमी ती मर्यादा, आणि असलेले घर वाढवायचे तर ३४ महिन्यांचे मूळ वेतन किंवा १० लाख. शिवाय फेडण्याची ऐपत पाहिली जाते ती वेगळीच. हा पैसा दुसऱ्यांदा मिळत नाही. म्हणून तो भिंतीत घालताना भिंत कशाची आहे हे कळले पाहिजे.

हल्ली शहरातला इंटिरियरवाला सांगतो, विटा कशाला, गिलाव्याची कटकट कशाला, बोर्ड मारून टाका, आठ दिवसांत खोली तयार. गावाकडचा गवंडी सांगतो, बोर्ड म्हणजे पुठ्ठा, एक बुक्की मारली की आरपार. दोघेही अनुभवी असतात आणि दोघेही आपापले काम विकत असतात. आपण मधे उभे.

पहिली गोष्ट म्हणजे 'जिप्समचे काम' या एका नावाखाली तीन वेगवेगळी कामे खपवली जातात, आणि अर्धे गैरसमज त्यातूनच होतात. एक म्हणजे खरी ड्रायवॉल. जस्ताच्या मुलाम्याच्या पत्र्याचे चॅनेल जमिनीला आणि छताला ठोकायचे, त्यांत दोन-दोन फुटांवर उभे खांब बसवायचे, आणि दोन्ही बाजूंनी जिप्समचे बोर्ड स्क्रूने आवळायचे. विटा नाहीत, पाणी नाही. भिंत आतून पोकळ. दुसरे म्हणजे विटांच्या भिंतीवर आतल्या बाजूने बोर्ड चढवणे. ती फक्त झूल आहे, भिंत विटांचीच. तिसरे म्हणजे विटांच्या भिंतीवर सिमेंट-वाळूऐवजी जिप्समच्या तयार भुकटीचा ओला गिलावा. याला बोर्डाशी काही देणेघेणे नाही, तो गिलावाच. तेव्हा कुणी 'जिप्सम करून देतो' म्हटले की पहिला प्रश्न विचारायचा: यांतले कोणते?

आता हा बोर्ड आला कुठून, हे आपल्यासारख्या संघटित कामगारांनी ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेत घरे लाकडी सांगाड्याची. पूर्वी त्या सांगाड्यावर लाकडी पट्ट्या ठोकून गिलाव्याचे तीन थर चढवीत. प्रत्येक थर वाळायला दिवस जात, आणि काम कसबी कारागिराचे. त्या कारागिरांनी १८६४ सालीच आपली राष्ट्रीय संघटना उभी केली होती. पुढे ऑगस्टीन सॅकेट याने कागद आणि जिप्सम यांचे थर दाबून तक्ता बनवला, १८९४ साली त्याला पेटंट मिळाले. युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीने तो धंदा विकत घेतला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात 'शीटरॉक' नावाने आजच्यासारखा बोर्ड बाजारात आणला. तरी लोक तीस वर्षे त्याला हलका मालच समजत होते. दुसऱ्या महायुद्धात कारागीर मिळेनात, आणि युद्धानंतर लाखो घरे झटपट बांधायची होती. तेव्हा बोर्डाने गिलाव्याला तिकडे जवळजवळ हद्दपार केले. गिलावा वाईट ठरला म्हणून हे घडलेले नाही. बोर्डाचे काम कमी दिवसांत आणि कमी शिकलेल्या हातांनी होत होते, म्हणून घडले.

हे सांगण्याचे कारण असे की तिकडचा युक्तिवाद इकडे जसाच्या तसा लागू होत नाही. तिकडे सांगाडा आधीच उभा असतो, त्याला काहीतरी मढवावेच लागते. आपल्याकडे काँक्रीटचा सांगाडा आणि त्यात विटांची किंवा ब्लॉकची भिंत. वीट आहे म्हटल्यावर तिला गिलावा लागतो. त्यामुळे आपल्याकडे खरा प्रश्न 'कोणता थर चांगला' हा नसून 'या जागी विटांची भिंत हवी की पोकळ भिंत' हा आहे. आणि त्याचे उत्तर साऱ्या घराला एकच नसते. एकाच घरात तीन भिंतींना तीन उत्तरे मिळतात.

भिंतीचा पहिला वैरी पाणी, म्हणून सुरुवात तिथून करू. जिप्सम हा खनिज दगड. आपल्या देशात तो मुख्यतः राजस्थानात सापडतो, नागौर, बिकानेर, जैसलमेर या बाजूला. सिंद्रीचा खत कारखाना १९५१ साली सुरू झाला तेव्हा हेच राजस्थानी जिप्सम रेल्वेने तिकडे जात असे, म्हणजे आपल्या माल खात्याची आणि त्याची ओळख जुनी आहे. या दगडाच्या वजनाचा पाचवा हिस्सा पाणी असते, स्फटिकात कोंडलेले. साधारण दीडशे अंशांपर्यंत तापवला की त्यातले पाऊण पाणी उडते आणि मागे राहते ती पीओपीची भुकटी. तिच्यात पुन्हा पाणी घातले की अर्ध्या तासात ती परत दगड होते. आगीत हा गुण कामाला येतो, कारण कोंडलेल्या पाण्याची वाफ होईपर्यंत बोर्डाची मागची बाजू फारशी तापत नाही. पण हाच दगड पाण्यात विरघळतो. एक लिटर पाण्यात दोन-अडीच ग्रॅम, फार नाही. मात्र गळका नळ वर्षभर ठिबकत राहिला तर तेवढे पुरे होते. बोर्डाला वर कागद असतो, आणि ओला कागद म्हणजे बुरशीचे आणि वाळवीचे जेवण.

म्हणून न्हाणीघर, संडास, मोरी आणि ओट्यामागची भिंत ही विटांची, आणि तिच्यावर सिमेंटचा गिलावा. याला अपवाद शोधू नका. बाजारात हिरवट रंगाचा ओल सोसणारा बोर्ड मिळतो, तो वाईट नाही. पण तो हवेतली दमट सोसतो, नळाची गळती सोसत नाही. विक्रेता 'वॉटरप्रूफ' म्हणेल. त्याला म्हणावे, बोर्डाचा तुकडा रात्रभर बादलीत बुडवून ठेवू आणि सकाळी चहाला भेटू. जिप्समच्या ओल्या गिलाव्यालाही हाच नियम. तो आतल्या कोरड्या खोल्यांपुरता. बाहेरच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला तर तो कधीच नाही.

बाहेरच्या भिंतीचे आतले अंग ही मात्र फसवी जागा आहे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पश्चिमेच्या भिंतीवर तो आडवा येऊन आपटतो. बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढी चीर असली तरी पाणी विटेत उतरते आणि आषाढात आतल्या अंगाला डाग दिसतो. अशा भिंतीला आतून बोर्ड मारून 'डाग घालवतो' म्हणणारे लोक आहेत. डाग दिसेनासा होतो, ओल तिथेच राहते, आणि दोन पावसाळ्यांनंतर बोर्डामागे काळी बुरशी सापडते. आधी बाहेरून भिंत दुरुस्त करा, एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या, मग आत काय करायचे ते ठरवा. तीच गोष्ट जोत्याजवळच्या ओलीची. जमिनीतून चढणारे पाणी क्षार घेऊन येते, भिंतीला लोणा लागतो, रंगाचे पोपडे निघतात. तिथे जिप्सम लावले तर तेच विरघळू लागते.

आता वजन. या मुद्द्यावर मी बोर्डाच्या बाजूने आहे, आणि गवंडी मंडळींनी माझ्यावर रागवू नये.

वाढते कुटुंब, मुलाचे लग्न, म्हणून मोठी खोली मधे भिंत घालून दोन करायची, हा आपल्या घरांतला नेहमीचा प्रकार. खाली तळमजला असेल आणि पायापासून भिंत घेता येत असेल तर प्रश्न नाही. पण वरच्या मजल्यावर, नुसत्या स्लॅबच्या मधोमध भिंत उभी करायची असेल तर हिशेब करा. साडेचार इंची विटांची भिंत, दोन्ही बाजूंना गिलावा, हिचे वजन दर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या पुढे जाते. बारा फूट लांब आणि दहा फूट उंच भिंत म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर, म्हणजे पावणेतीन ते तीन टन. तीन छोट्या मोटारी एकामागोमाग एक स्लॅबवर उभ्या केल्यासारखे, आणि तेही कायमचे. निवासी खोलीचा स्लॅब माणसे आणि सामान यांसाठी दर चौरस मीटरला दोनशे किलो धरून काढलेला असतो. त्यात ही भिंत नकाशावर नसताना आली तर स्लॅब लगेच कोसळेल असे नाही. पण तो लवतो, खालच्या छताला चीर पडते, दरवाजे घासू लागतात. तीच भिंत पत्र्याचा सांगाडा आणि साडेबारा मिलिमीटरचा एकेक बोर्ड अशी केली तर चौरस मीटरला वीस-पंचवीस किलो, सगळी मिळून अडीचशे किलोच्या आसपास. म्हणजे दहावा हिस्सा. हलक्या एएसी ब्लॉकची चार इंची भिंत या दोघांच्या मधे बसते, गिलाव्यासकट शंभर-सव्वाशे किलो.

तेव्हा वरच्या मजल्यावर, खाली तुळई नसताना, मधली भिंत घालायची असेल तर तिथे बोर्डच शहाणपणाचा. आणि त्यालाही संस्थेची परवानगी व जाणत्या इंजिनियरची नजर हवी. आपल्या एका सहकाऱ्याने चौथ्या मजल्यावर विटांची भिंत घातली, खालच्या कुटुंबाच्या छताला चिरा गेल्या, प्रकरण संस्थेच्या कार्यालयात गेले आणि शेवटी भिंत पाडावी लागली. बांधण्याचा खर्च, पाडण्याचा खर्च, डबर उचलण्याचा खर्च. शेजाऱ्याशी अबोला झाला तो फुकटात.

बोर्डाची भिंत पोकळ असते हे त्या गवंड्याचे म्हणणे खरे आहे, पण त्याचा अर्थ त्याला वाटतो तसा नाही. खांदा टेकल्याने ती फुटत नाही. अडचण येते ती टांगण्यात. विटांच्या भिंतीत कुठेही भोक पाडून रावळ प्लग ठोका, फडताळ लटकवा. बोर्डात तसे केले तर फडताळ एक दिवस भांड्यांसकट खाली येईल. टीव्ही कुठे, देव्हारा कुठे, पुस्तकांची फळी कुठे, पंख्याचा स्विचबोर्ड कुठे, हे बोर्ड मारण्यापूर्वी ठरवून त्या जागी आतून प्लायवुडची पट्टी किंवा जादा पत्र्याचा खांब बसवून घ्यावा लागतो. या बैठकीला घरातल्या बाईमाणसाला बसवा, कारण कुठे काय टांगायचे हे तिलाच ठाऊक असते. आपण फक्त कॅलेंडरची जागा सांगू शकतो. बोर्ड बंद करण्यापूर्वी आतल्या पट्ट्यांचा आणि वायरींचा फोटो काढून ठेवा. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, त्याचा एवढा तरी उपयोग करावा.

आवाजाचेही तसेच. नुसती पोकळ भिंत आवाज अडवत नाही, पलीकडचे घोरणे अलीकडे ऐकू येते. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या गार्डला, पॉइंट्समनला किंवा आरएमएसच्या सॉर्टरला याचे महत्त्व सांगायला नको. पोकळीत काचलोकर किंवा रॉकवूल भरून घ्या, जमिनीच्या आणि छताच्या चॅनेलखाली रबरी किंवा फोमची पट्टी घाला, मग बरीच शांतता मिळते. हे काम बोलीत लिहिलेले नसेल तर होत नाही, कारण आत कापूस आहे की हवा, हे बाहेरून दिसत नाही.

बोर्डाचे कामगार काम करीत असताना तीन गोष्टींवर नजर ठेवा. बोर्डाची खालची कड जमिनीपासून बोटभर वर राहिली पाहिजे, नाहीतर फरशी पुसताना तो पाणी ओढून घेतो. स्क्रूचे डोके कागदात किंचित बसावे पण कागद फाटू नये. फाटला तर त्या स्क्रूची पकड गेली. आणि दोन बोर्डांच्या सांध्यावर कागदी किंवा जाळीची पट्टी चिकटवून वर लांबी तीन हातांनी चढवायला हवी. पट्टी न लावता नुसती लांबी भरली तर सहा महिन्यांत सांधा उमटतो. बोर्डावर आयएस २०९५ चा शिक्का पाहून घ्या.

आता गिलाव्याकडे येतो, कारण आपल्यातल्या दहांपैकी नऊ जणांच्या घरात बहुतेक भिंती गिलाव्याच्याच असणार, आणि माझी सारी नोकरी त्यातच गेली.

आपल्या जुन्या क्वार्टरांच्या आणि जुन्या टपाल कचेऱ्यांच्या जाड भिंती आठवा. चुन्याचा गिलावा. घाणीत चुना आणि वाळू दळायची, काही ठिकाणी गूळ आणि हिरड्याचे पाणी घालायचे. तो गिलावा हळूहळू घट्ट होई, भिंतीबरोबर थोडा हलेही, आणि ओल आत कोंडून न ठेवता बाहेर सोडी. ते काम करणारे हात आता विरळ झाले. सिमेंटचा गिलावा घाईचा आहे, आणि घाईच्या वस्तूला शिस्त लागते.

सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे सिमेंट जास्त तितका गिलावा मजबूत. सिमेंट जास्त झाले की गिलावा वाळताना जास्त आकसतो आणि त्याला जाळीसारख्या चिरा पडतात. आतल्या भिंतीला एकास सहा पुरतो, बाहेर आणि ओल्या जागी एकास चार. जाडी आत चार सूत, म्हणजे बारा मिलिमीटर. विटेची खडबडीत बाजू असेल तर पाच सूत. एकास चार प्रमाणात शंभर चौरस फुटांना साधारण एक पोते सिमेंट आणि पाच घनफूट वाळू लागते. हा हिशेब खिशात असू द्या. दहा पोती सांगून पाच वापरली किंवा भिंत वाकडी बांधून तिची कसर दीड इंच गिलाव्यात भरून काढली, तर तुम्हाला कळले पाहिजे. जाड गिलावा म्हणजे जास्त माल मिळाला असे समजू नका. तो स्वतःच्याच वजनाने सुटतो.

वाळूची परीक्षा घरी होते. काचेच्या बाटलीत निम्मी वाळू, वर मिठाचे पाणी, चांगली हलवून तीन तास ठेवा. वर मातीचा थर बसतो. तो वाळूच्या आठ टक्क्यांहून जास्त दिसला तर वाळू धुऊन घ्या किंवा परत पाठवा. क्रश सँड वापरत असाल तर गिलाव्याची वेगळी बारीक सँड मागा; काँक्रीटची तिथे चालत नाही.

गिलाव्यापूर्वी वायरमनच्या झिऱ्या, नळाच्या खाचा सगळ्या मारून, भरून झाल्या पाहिजेत. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथे कोंबडीजाळी मारून घ्या, काँक्रीटला छिन्नीने टोचे मारून खडबडीत करा. ही दोन्ही कामे ठेकेदार विसरतो आणि चीर बरोबर तिथेच उभी येते. पाणी घातलेला माल अर्ध्या तासात संपेल इतकाच कालवावा. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यात पुन्हा पाणी मारून वापरू देऊ नका.

आणि पाणी मारणे. किमान सात दिवस, दिवसातून तीन वेळा, भिंत कधीही पूर्ण कोरडी न पडेल असे. विदर्भ-खानदेशच्या उन्हात ओली गोणपाटे लावा. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होते. आपण रजा काढून घर बांधतो, आठ दिवसांनी ड्यूटीवर जातो, आणि मागे भिंतीला पाणी मारायला कुणी नसते. अशा गिलाव्यावर नखाने ओरखडा काढला की वाळू गळते. पाणी मारायला माणूस मिळणार नसेल किंवा गावात टँकरचे पाणी असेल, तर कोरड्या खोल्यांत जिप्समचा गिलावा हा खरोखर विचार करण्यासारखा पर्याय आहे. त्याला पाणी मारावे लागत नाही, भिंत गुळगुळीत येते, नीरू किंवा पीओपीचा वेगळा हात लागत नाही. पंचवीस किलोची पिशवी चार सूत जाडीला वीस-बावीस चौरस फूट जाते. मात्र जिप्समवर पुढे कधी सिमेंटचा हात मारू नका. दोघांची रासायनिक भांडणे होतात, थर फुगून सुटतो.

दुरुस्ती कोण करणार हाही प्रश्न आहेच. सिमेंटचा गिलावा उकरून पुन्हा भरणारा गवंडी तालुक्याच्या गावात हाकेसरशी मिळतो. बोर्डाचा सांधा नीट करणारा मुंबई-पुण्यात मिळतो, गावी मिळेलच असे नाही. ज्या गावात राहणार आहात तिथे बोर्डाचे काम केलेली दोन घरे पाहा, त्यांतल्या माणसांशी बोला, आणि नमुन्याची भिंत दाखवायला नेणाऱ्या ठेकेदाराशिवाय जा.

एक गोष्ट आपण संघटनेची माणसे म्हणून विसरू नये. ही भिंत करणारेही कामगार आहेत, आणि त्यांची संघटना बहुधा नाही. झिऱ्या मारताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, तिने फुप्फुसे कायमची निकामी होतात. सिमेंटने बिगारी बायांचे हात फुटतात. बोर्डाचे काम कोरडे म्हणून स्वच्छ समजतात, पण सांध्यांची लांबी घासताना उडणारी भुकटी त्याहून बारीक. अमेरिकेत तर या लांबीत अॅस्बेस्टॉस असे. ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या अशा मालावर १९७७ साली बंदी आली, तोवर घासणाऱ्यांनी ते वर्षानुवर्षे श्वासात घेतले होते. आपल्या घराच्या बोलीत चांगल्या मुखपट्ट्या, हातमोजे, ओले करून घासणे आणि झिरी कापताना पाणी मारणे हे लिहा. खर्च तुमच्या एका दरवाजाच्या कडीइतका आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकाम मजुरांची कल्याण मंडळे आली, आणि नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार तो द्यायला टाळाटाळ करतो. तुमच्या घराचे शेवटचे बिल देताना हा दाखला दिला का, एवढे विचारायला तुम्हाला कुणी अडवलेले नाही.

दोन-तीन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो.

एका पोस्टमन साथीने विचारले आहे: रत्नागिरीकडे घर आहे, वर्षातले आठ महिने बंद असते, आत दोन खोल्या पाडायच्या आहेत, बोर्ड चालेल का? साथी, बंद घरात पावसाळाभर दमट हवा कोंडते, वाळवी विचारायला येत नाही, आणि नळ गळला तर सांगायला कुणी नसते. तुम्ही तळमजल्यावर आहात, वजनाचा प्रश्न नाही. चिऱ्याची किंवा विटांची भिंत घ्या, सिमेंटचा गिलावा करा, आणि गौरी-गणपतीला याल तेव्हा खिडक्या उघडा.

दुसरी चिठ्ठी: कल्याणला तिसऱ्या मजल्यावर सदनिका आहे, हॉल दोन भागांत करायचा आहे, मुलगा म्हणतो बोर्ड, सौभाग्यवती म्हणतात विटा. मुलगा बरोबर आहे. पण सौभाग्यवतींचे म्हणणे ऐकून फडताळाच्या जागी आत प्लायवूड घाला.

तिसरी आमच्या एका ट्रॅकवुमन भगिनीची आहे: ठेकेदार म्हणतो गिलाव्याचे सगळे पैसे काम संपले की लगेच द्या. ताई, बोलीतच लिहा की दहावा हिस्सा एक पावसाळा गेल्यावर. आणि पैसे देण्यापूर्वी रुपयाच्या नाण्याने भिंत ठोकून पाहा, हातभर-हातभर अंतरावर, खालपासून वरपर्यंत. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ 'ठप्प' आला तर तिथे खडूने गोल काढा. जितके गोल निघतील तितक्या जागा त्याच्याकडून उकरून पुन्हा भरून घ्या, आणि त्यावरही सात दिवस पाणी.